सी-लायनच्या पोटाखाली

ज्वालामुखीच्या काळ्या बेटावर जहाजाकडे परतणाऱ्या शेवटच्या होडीसाठी रांग लागली होती. जहाजाचा आचारी अगदी मागे उभा होता. पुढच्या म्हाताऱ्या नवरा-बायकोचं बोलणं ऐकायचं नाही म्हटलं, तरी त्याच्या कानांवर येऊन आदळत होतं.

“पिशवी खडकावर ठेवलीतच कशाला?”

“खडक छान उबदार होता.”

“त्या सी-लायनलाही तसंच वाटलं. बघा कसा पसरलाय पिशवीवर, जावयासारखा!”

“हाकल ना त्याला.”

“इथल्या प्राण्यांना हात लावायचा नाही, उठवायचं नाही. गाइडनं बजावलंय. तो हलला की सकाळी आणून देईन म्हणालाय.”

“सकाळी? अगं, कवळी आहे त्यात माझी!”

“कवळी? ती काय पिशवीत ठेवायची वस्तू आहे?”

“होडीत उलटी झाली असती, तर समुद्रात पडली असती. म्हणून रुमालात बांधून ठेवली.”

“धन्य आहे तुमची!”

“आज आपल्या लग्नाचा वाढदिवस. सगळ्यांसमोर तुझ्यासाठी गाणं म्हणणार होतो. आता बोळक्या तोंडानं गाऊ? लोक हसतील. मी खोलीतच बसतो. तू जेवून ये.”

बायको वळली.

“अहो आचारी, रात्री काय आहे?”

“भाजलेलं मटण, बाई.”

“आम्हा दोघांना सूप द्या.”

“दोघांना? तुझी कवळी आहे की तोंडात!”

“ती आज डबीत राहील. तुम्ही गा. मी शेजारी बसून तोंडभर हसते. मग बघू, लोक कुणाला हसतात ते.”