मिरजेची जवारी अमेरिकेला गेली

जन्म मिरजेचा, सतारमेकरांच्या गल्लीतला, काय सांगू तुम्हाला, पाळण्यात मला खुळखुळा न्हवता, तंबोऱ्याचा भोपळाच दिला हुता आन् मी तो दातानं कोरला म्हणत्यात. सगळा जन्म घोडी घासली. घोडी म्हंजे तारा टेकतात ती हाडाची पट्टी, कानशीनं अशी घासायची की तार तिला जरा जरा चाटत गुंजली पाहिजे, त्याला आम्ही जवारी म्हणतो. एकच लेक, हाडांची डॉक्टर झाली, हितं आयर्लंडात लिमरिकला आली, मलाबी बोलावून घेतलं, म्हणाली अप्पा, कानस ठेवा आता, हात कापतात तुमचे. ठेवली. बॅगेच्या तळाशी.

शेजारी इंग्लंडची चार जणं भाड्यानं राहायची, गिटारचा बँड, त्यांच्या गावात त्यांना काळं कुत्रं विचारत न्हवतं. एका रविवारची गोष्ट, दुसऱ्या दिवशी त्यांचा अमेरिकेचा पहिला दौरा, गिटार एकच, आन् तिची तार झणझणायला लागलेली. तांबड्या केसांचा टॉम आमच्या दारात, लेक ड्यूटीवर. खुणेनं म्हणाला, हे झणझण. मला वाटलं गड्याला गुंजन कमी पडतंय. बसलो कानस घेऊन, आन् अशी जवारी काढली की घरामागच्या नदीतले हंस मान वर करून थांबले, खोटं वाटंल तर हंसांना विचारा.

टॉमनं वाजवली, पांढरा पडला. लेक आली, अप्पा, त्याला ते झणझण घालवायचं हुतं हो! रविवार, दुकानं बंद, नवी घोडी कुठनं आणणार. तरी तो मला म्हणतोय ग्रँड, ग्रँड, म्हंजे झ्याक. हितं घर जळालं तरी ग्रँडच म्हणतात, तोबी शिकला हुता. मला तीन दिवस भात गिळंना.

चौथ्या दिवशी त्याचा फोन. लोकं ईचारत्यात, गिटारच्या पोटात भुंगा कुठनं आला, परत वाजवा. वर्षभरात निम्मी अमेरिका त्या भुंग्यामागं, मी अर्धीच सांगतोय.

परवा टॉम आला, तोंड उतरलेलं, भुंगा गेला. जाणारच, वाजवून जवारी झिजते. त्याला गुरुवारी परत जायचं. मी बसलो तर कानस हातात राहीना. आमच्या गल्लीत लेकींना कानस देत न्हाईत, मीबी कधी दिली न्हवती. लेकीला म्हटलं, माणसांची हाडं नीट करतीस, हे बी हाडच आहे, घे. स्वयंपाकघरात बसून घासली तिनं, कान लावून. तार गुंजली. टॉम नाचायला लागला. ती मात्र माझ्याकडं बघत हुती. अप्पा, ग्रँड?

म्हटलं, अजून एक हात मार.

मारला तिनं. मंगळवारी मिरजेला परत जायचं माझं विमान आहे. कानस हितंच ठेवून चाललोय, चमच्यांच्या खणात.