बांधलेला हात

लिहा बाई, माजं नाव सोनाबाई. सुनेचं नाव कुसुम, ते बी लिहा, पर आमी दोघी मायलेकीवानी ऱ्हातो असलं कायबी लिहू नका, कारन ते खोटं हाय. माजा जल्म म्हाळुंग्याचा, चाकनच्या अंगाला, आन् दिली पुनावळ्यात, तवा मला धड लुगडं नेसता येत नव्हतं. मालक लवकर गेले. एक ल्योक, दत्तू, आन् एक लेक, शेवंता, ती म्या म्हाळुंग्यालाच माज्या भावाच्या घरात दिली. पिंपरीच्या अंगाला कंपन्या यायला लागल्या तवा दत्तूनं नांगर सोडला आन् सायकलीवर टांग टाकली, मशीनवर लागला, शिफ्ट म्हनत्यात बगा, एक आठवडा सकाळ, एक आठवडा दुपार, एक आठवडा रात, मानूस घरात असून नसल्यावानी. कंपनीतला जावई गावतोय म्हनून रावेतच्या लोकांनी पोरगी दिली, ती ही कुसुम.

ती डावरी निघाली. काय सांगू तुमाला, पैल्याच पंगतीत हिनं डाव्या हातानं भात वाढला, माज्या जावा पदराआड हसल्या. डावा हात कशाचा ते काय सांगाया पायजे व्हय. म्या म्हनलं, तुज्या आईनं येवढं बी शिकवलं न्हाई का, आन् जुन्या लुगड्याचा काठ फाडला आन् हिचा डावा हात कमरेला बांधला. सैपाकाला बसली की बांधायचा, उठली की सोडायचा. भाकरी उजव्यानं थापायची, तव्यावर टाकताना हात पोळायचा, भाकरी मोडायची, आन् ती मोडकी भाकरी मी तिच्याच ताटात वाढायची. आठ-धा म्हैने चाललं ते. दार लावून करायची बरं का, गल्लीत कुनाला ठाव न्हाई, दत्तूला बी न्हाई. उजवा हात चालाया लागला तिचा, पर माज्याकडं बगायची ती नजर काय निवली न्हाई. वर्सं गेली, तिला पोरं झाली, मोठी झाली, नजर तीच.

मंग माज्यावर वेळ आली. सकाळच्या पारी गोठ्यात शेन काढत व्हते, हातातनं घमेलं सुटलं, मला वाटलं हात निसरडा झालाय, तर पाय बी गेला, तोंड वाकडं झालं. वारं गेलं अंगावरनं म्हनत्यात आमच्यात, लकवा. दत्तूनं पुन्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं दत्तूला आन् कुसुमला सांगितलं, मेंदूत गुठळी झालीया, हात-पाय हालता ठेवा, म्हातारीला बोलती ठेवा, गादीवर पडून देऊ नका. दत्तू हू म्हनला आन् शिफ्टला गेला. गल्लीतल्या बाया म्हनल्या, इसावा द्या, हालवू बी नका, कुनी म्हनलं निरगुडीच्या पाल्यानं शेका, कुनी म्हनलं पारव्याचं रगत चोळा. कुसुमनं पाला तेवढा आनला, बाकी कुनाचं ऐकलं न्हाई.

मला समदं कळायचं, बाई, पर शब्द गावायचा न्हाई. पानी पायजे असलं तर तोंडातनं बैल यायचं, चूल यायची, न्हाईतर नुसतं ता ता ता. दत्तूचं नाव येईना, पोटच्या पोराचं, म्हंजे बगा. शिवी मात्र अख्खी यायची. सटवे म्हनायचे ते लख्ख. जेवाया डावा हात घ्यायची, करनार काय, उजवा नुसता ओंडका. कुसुमनं दोन दिस बगितलं. तिसऱ्या दिशी तिनं दार लावलं, लुगड्याचा काठ फाडला आन् माजा डावा हात कमरेला बांधला. म्हनली, आत्या, डाव्या हातानं जेवत न्हाईत.

तितं काय बोललं गेलं ते मला आन् तिलाच ठाव. मी सटवे म्हनले. ती व्हय म्हनली आन् ताट म्होरं सारलं. भात समदा मांडीवर. अर्धी उपाशी उठले त्या दिशी.

मंग रोजचंच झालं. सकाळी बांधायची ते दुपारपातूर, मंग काठ खुंटीला टांगायची. परातीत बाजरी टाकायची आन् म्हनायची निवडा, बोटं उघडायची न्हाईत तर आपल्या हातानं एक एक बोट उघडून दाना धरवायची. पान्याचा तांब्या दाखवायची आन् म्हनायची, काय हाय हे, बोला, बोलल्याबिगर मिळनार न्हाई. जीभ कोरडी पडायची, डोळ्यांतनं पानी यायचं, तरी ती तांब्या घिऊन बसून ऱ्हायची, तिला काय घाई नसायची. गोठ्याच्या भितीला धरून चालवायची. पडले की हात द्यायची न्हाई, म्हनायची उठा. मला वाटायचं ही सूड उगवतीया, आन् येवढ्या वर्सांचं याज बी घेतीया. माज्या मनात मंग एकच, कसं बी करून बोलता यावं आन् दत्तूला सांगावं, म्हंजे ही घरातनं जाईल. भितीला धरून चालताना मी म्हशीकडं तोंड करून पुटपुटायची, कुसुम, हात, बांधती. म्हस बिचारी रवंथ करायची. ज्यांच्यावर जीव व्हता त्यांची नावं येत नव्हती, आन् हिचं नाव पैलं आलं मला.

शेजारच्या यमुनेनं कवा तरी फटीतनं बगितलं आन् गल्लीभर केलं, सून सासूला बांधून ठेवती. दत्तूच्या कानावर गेलं, तो कुसुमला न इचारता माज्यापाशी बसला, आये खरं का. म्या सांगितलं. कुसुम. हात. बांधती. घाम फुटला मला सांगताना, पर सांगितलं, आन् खुंटीवरचा काठ बी दाखवला. त्यानं तिची ट्रंक सायकलीला लावली आन् रावेतला सोडून आला. तिनं नुसतं येवढं म्हनायचं व्हतं की तुमच्या आईनं माजा बी बांधला व्हता. पर ते बी बोलली न्हाई. माज्याकडं बगून गेली.

शेवंता आली म्हाळुंग्यावरनं. लई मायेनं केलं पोरीनं, घास भरवला, पाय चेपले, उठू दिलं न्हाई, आये तू नुसती पड. म्या बी पडले. तीन आठवड्यांत उजवी बोटं मिटली ती उघडंनात. पाय उचलंना. आन् एक दिस शेवंताला हाक मारायची म्हनून तोंड उघडलं तर ता ता ता. मी मरनाला भ्याले न्हाई येवढी त्या ता ता ला भ्याले.

दत्तूला सांगाया गेले, शब्दच न्हाई. मंग खुंटीवरचा काठ काढला, एक टोक दातात धरलं आन् माजा मीच डाव्या हाताला गुंडाळला, आन् तो हात त्याच्याम्होरं धरला. त्यानं सायकल काढली आन् रावेतला गेला.

कुसुम काय आली न्हाई. निरोप दिला, गल्लीनं मला हडळ केलंय, आत्यांनी गल्लीत सांगावं काय झालं ते, मंग इन. मला राग आला, अजून येतो. पर आठ दिस मी पुन्यांदा त्या म्हशीम्होरं शब्द घोकत उभी ऱ्हायले. आन् मंग दत्तूनं मला धरून इहिरीवर नेलं, समद्या बाया पान्याला आल्या व्हत्या, यमुना बी व्हती, निरोप धाडून बोलावलेली कुसुम लांब बाभळीखाली ट्रंक घिऊन उभी. दत्तूला वाटलं मी म्हननार सून चांगली हाय. मी म्हनले, आधी. म्या. हिचा. बांधला. बायांना कायबी कळलं न्हाई, दत्तूला कळलं, त्यानं माजा दंड सोडला आन् मी काठीवर एकली उभी ऱ्हायले. त्या दिसापास्नं तो माज्याशी तोडकंच बोलतो. कुसुम काय गळ्यात पडली न्हाई. म्हनली, चला, बाजरी निवडायची ऱ्हायलीया.

आता दोन वर्सं झाली. काठीनं इहिरीपातूर जाते, उजव्या हातानं जेवते, सांडतं थोडं. आमचं आजबी पटत न्हाई, ती मला टोचून बोलती, मी तिला. देव तिला सुखी ठेवो, तिच्या सुना बऱ्या निघोत, हे मी मनापासनं म्हनते, लिहा ते. मागं एकदा इचारलं तिला, कुसुम, तू माजा हात मला बरी करायला बांधलास का सूड घ्यायला. भाकरी थापत व्हती, मान वर केली न्हाई. म्हनली, पैला दिस सुडाचा व्हता आत्या. बाकीचे न्हाई. तुमी माजा बांधला ते समदेच दिस सुडाचे व्हते, तुमच्या जावा हसल्या त्याचे. मी परात वढली आन् उजव्या हातानं बाजरी निवडाया लागले.