अंड्यांचा कूलर

...आणि वर मलाच म्हणतो, 'अगं, अर्ध्या डिग्रीने काय होतंय?' आता तुम्हीच सांगा, हे वाक्य कोणी म्हणावं? कोणीही म्हणावं! न्हाव्याने म्हणावं, शिंप्याने म्हणावं, माझ्या नवऱ्याने म्हणू नये! कारण माझा नवरा अंडी उबवतो. स्वतः बसून नाही हो... मशीन आहे. वर घर, खाली मशीन. वर आम्ही दोघं, सासूबाई आणि आठ महिन्यांची ठकू. खाली हजारो अंडी. आणि घरात जास्त लाड कोणाचे, ते मला विचारू नका.

तुम्हाला सांगते, मशीनचा काटा अर्धा डिग्री सरकला तर या माणसाला झोपेत कळतं. भोंगा वाजला की भरल्या ताटावरून उठतो, खरकट्या हाताने धडाधडा जिना उतरतो! आणि पिल्लं न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना कसं सांगतो? पाढे म्हटल्यासारखं! 'साडेसदतीस म्हणजे साडेसदतीस, साहेब. अर्धा वाढला, पिल्लू घाईने बाहेर येतं, बेंबी उघडी. एक वाढला, पाय फाकलेले, उभंच राहत नाही. दोन वाढले, की आतून चोचीने टकटक करतं, टकटक करतं... आणि थांबतं.' आणि हसतो! गिऱ्हाईकही हसतं!

मग मी एकदा फोनवर वाचत होते. मला ती खोड आहेच, ठकूला शिंक आली तरी मी वाचायला बसते आणि संध्याकाळपर्यंत तिला चार आजार होतात. तर वाचलं, की जगाचंही असंच आहे. पूर्वी दहा वर्षांतून एकदा यायची ती उन्हाची लाट, जगाची उष्णता दीड डिग्री वाढली की चारदा, दोन वाढली की पाच-सहादा आणि चार वाढली तर जवळजवळ दरवर्षीच! मी म्हटलं, 'अरे, हा तर तुझाच पाढा!' तर म्हणतो कसा, 'जग म्हणजे काय मशीन आहे? अर्ध्या डिग्रीने काय होतंय?' आणि सासूबाई पंख्याखालून, 'आमच्या वेळी काय ऊन नव्हतं? आम्ही नाही पोरं वाढवली?' वाढवली ना... एक हे माझ्या पदरात पडलंय.

झालं, लाट आली. वरच्या खोलीत भिंतीला हात लावला तर तव्याला लावल्यासारखा! ठकूच्या मानेवर घामोळ्यांचा नुसता गालिचा. एक कूलर होता, माझ्या बाबांनी नातीसाठी पाठवलेला, त्याच्यासमोर ती जेमतेम डोळा लावायची. आणि भर दुपारी वीज गेली. जनरेटर आहे, पण त्याच्यावर मशीन आणि आणखी एकच काहीतरी चालतं. मशीनची खोली तापलेली. आणि मशीनची गंमत माहितीये का? त्याला गरम करता येतं, गार करता येत नाही! तापवायचं बटण आहे, निववायचं नाही. मी तेव्हाच म्हटलं, जग म्हणजे मशीनच की हो... पण ऐकतंय कोण?

नवरा वर आला, कूलरची वायर काढली आणि कूलर उचलला. 'अरे, हा ठकूचा!' 'अगं, अंडी फुटायला आलीत. आत्ता जपायला हवं त्यांना. तू हिला ओलं फडकं लाव.' सासूबाई म्हणतात, 'लेकरू चिवट असतं. अर्ध्या डिग्रीने काय होतंय?' मला आधी वाटलं, माझंच चुकत असेल, आई झाल्यापासून मला सगळ्यातच मरण दिसतं. पण ठकू रडेनाशी झाली. रडलेलं परवडतं हो... लाल तोंड, मान टाकलेली, डोळे अर्धे. मी तिला उचललं आणि सरळ खाली, मशीनच्या खोलीत, कूलरसमोर!

नवरा किंचाळला, 'दार लाव! बाहेर हो! माणसाच्या अंगाची धग असते! तुम्ही दोघी आत आलात की खोली अर्धा डिग्री चढते!'

मी त्याच्याकडे बघितलं. शांतपणे म्हटलं, 'अर्ध्या डिग्रीने काय होतंय?'

काय सांगू, जन्मात एकदा असं उत्तर वेळेवर सुचतं! आणि सुचलं तेव्हा ऐकायला कोण? घामाने निथळणारा नवरा आणि हजारो अंडी. ठकूने मात्र गार वाऱ्यात डोळे उघडले, आणि भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं मी ऐकलं नव्हतं. आणि तेवढ्यात जनरेटर बंद! तोही उन्हातच ठेवलेला, तो बिचारा तरी किती सोसणार? मशीनचे पंखे थांबले, कूलर थांबला आणि मशीनच्या पोटात अंडी आपल्याच उबेने तापायला लागली. भोंगा वाजतोय, नवरा पुठ्ठ्याने वारा घालतोय... कोणाला? मशीनला! मी ठकूला मोरीतल्या बादलीत बसवून तिच्यावर तांब्याने पाणी घालतेय. आणि तिकडून टकटक. खूप टकटक. मग थोडी. मग...

ठकू वाचली. अंड्यांचं विचारू नका. पोती भरून टाकावी लागली. गावभर काय झालं माहितीये? 'सुनेने दार उघडलं म्हणून.' जनरेटर नाही, ऊन नाही, सुनेने दार उघडलं म्हणून!

पण माणूस शिकतो हं. नवरा शिकला. एसी आणला! मशीनच्या खोलीत. मी म्हटलं, 'आणि ठकू?' त्याने खूप हिशेब केला, डोकं खाजवलं आणि म्हणाला, 'तिचा पाळणा खाली टाकू. एवढंसं अंग, फार तर पाव डिग्री.' मग सासूबाई उठल्या, 'नातीपाशी कोणीतरी हवं, आणि म्हाताऱ्या अंगात धग ती कुठली?' त्याही खाली. राहिले मी. माझं अंग, त्याच्या मते, मशीनला परवडत नाही. दूध पाजायला पोर दाराशी आणून देतात, पाजून झाली की परत घेतात.

आता मी वर बसते, तव्यावर. काल जिन्यातून हाक मारली, 'अहो आई, पारा आणखी चढलाय, मला चक्कर येतेय...' तर खालून, गारेगार आवाजात, 'बस की गं जरा! अर्ध्या डिग्रीने काय होतंय?'

बरोबर आहे. मी काय अंडं थोडीच आहे!