पोट्टीच्या तोंडची सून

नाही पन मले एक सांगा, लेकराच्या थुंकीत काय सापडते हो? काय सापडावं? सकाळचा चहा-टोस, नाही तं चाकलेट, नाही तं निरी थुंकी! पन ते राधिका मॅडम आली ना, अमरावतीकडची, लेकरायच्या मनाचा अभ्यास करते म्हने... पयले शाळेत आली, शाळेतून आमच्या घरी आली, पर्समधून एवढीशी नळी काढली, अन् आमच्या संस्कृतीले म्हने, "बाळ, यात थुंक बरं." म्या म्हनलं, "ओ मॅडम, थुंकाले दारात नाली आहे, नळी कायले पाह्यजे?" तं ते गोड हासली. "काकू, मुलांच्या मनावर ताण आला ना, की तो लाळेतसुद्धा दिसतो. आम्ही तो मोजतो." घ्या! टेन्शन मोजाले आली बाई! अन् तेही कोनाच्या घरी? आमच्या! अवं, टेन्शन असाले घरात भांडन तं पाह्यजे? आमच्या घरात तं कसं शांत होतं! तुमाले सांगतो, अख्ख्या इंझोरी गावात तेवढं शांत घर नव्हतं.

शांत काहून होतं म्हनसान तं मी अन् माही सून योगिनी, आमी बोलतच नव्हतो. बोलनंच नाही तं भांडन येईन कुठून?

झालं असं का उन्हाळ्यात कुरडयाचा गहू भिजू घातला होता. आता गहू भिजू घातला का रोज त्याचं पानी बदलावं लागते, हे काय सांगाची गोष्ट आहे? पन आमची सून मोबाइलात पाहून शिकलेली, मोबाइलातल्या बाईनं पानी बदललेलं हिले दिसलं नसन, का तेवढ्यात हिचा फोन आला असन, देव जाने... चीक असा आंबट झाला का मांजरानं तोंड फिरवलं! कुरडया पडल्या काळ्याबेंद्र्या. म्या फक्त एवढंच म्हनलं, "तुह्या मायनं तुले हेच शिकवलं काय वं?" एवढंच! याच्यात काय वाईट आहे? पन हिनं पाट आपटला, अन् त्या दिवसापासून तोंड बंद. मंग म्याही केलं बंद. मी काय कमी आहो?

अन् आमच्यात पद्धत अशी आहे का अबोला धरला, तं जो पयले बोलन तो हारला. माही सासू अन् तिची जाव, एका कुडाच्या इकडून-तिकडून दोघी म्हाताऱ्या होऊन मेल्या, पन हारली नाही एकही! तं माह्या सुनेनं आतला गॅस घेतला, म्या मांगच्या आंगनातली चूल घेतली. मधात भित. अन् भितीच्या या बाजूनं त्या बाजूनं धावाले आमची संस्कृती, तिसरीतली पोट्टी. काहीही सांगाचं असलं का संस्कृती! "संस्कृती, तुह्या मायले सांग, पीठ सरलं." "संस्कृती, तुह्या आजीले सांग, पाहुने येऊन राह्यले." भांडन नाही, आवाज नाही... कसं शांत होतं!

अन् खरी गंमत पुढं आहे. पयले पयले मी चांगली तिखट निरोप धाडो. लपवू कायले तुमच्यापासून? एक दिवस दुधाचा करपट वास आला, म्या चुलीपासूनच म्हनलं, "संस्कृती, तुह्या मायले सांग, दूध उतू घालाले म्हैस तिनं माहेराहून नाही आनली." पोट्टी पळाली आत. मी तयारीत बसली, आता काय उलटा निरोप येते अन् मी त्याच्यावर काय धाडतो! पोट्टी आली दम टाकत. "आजी, आई म्हनते, तुमी सांगतलं म्हनून लक्षात आलं, नाही तं भगुनंच जळालं असतं."

आँ? म्या कानात बोट घालून पाह्यलं.

मंग असं रोजच होऊ लागलं हो! "आजी, आई म्हनते, कालची अंबाडीची भाजी लय मस्त झाली होती." "आजी, आई म्हनते, तुमचे पाय दुखत असन, तेल लावून देऊ काय?" अन् पोट्टी बसे तेल लावाले. मले सांगा, याच्यावर मानूस किती दिवस तिखट राहीन? मीही जराशी नरमली. बोलली नाही हां, पन नरमली. शेजारच्या धुरपताबाईले म्या वट्यावर बसून सांगतलं, "सून बोलत नाही, पन मनानं सोनं आहे वं!" तं ते कशी आहे, तुमाले माहीत आहे, ते म्हने, "बोलत नाही म्हनूनच सोनं असन, सोजरबाई." जाऊ द्या तिचं. म्या तं मनात ठरवूनच ठेवलं होतं का एक दिवस सून येईन, पाया पडन, मी तिले उठवीन अन् म्हनीन, "जाऊ दे वं बाई, झालं गेलं." हे वाक्य म्या चुलीपुढं बसून म्हनूनसुद्धा पाह्यलं होतं. कोनी नव्हतं तवा.

बस एकच वांधा होता. पोट्टीचं पोट दुखे.

शाळेच्या टायमाले दुखे, जेवाच्या टायमाले दुखे, खाल्लं का ओकून टाके. बसल्या बसल्या कानावरचे केस उपटे, तिथं रुपयाएवढं टक्कल पडलं. आता नऊ वर्साच्या पोरीले टक्कल! म्या मीठ-मिरच्या उतरवल्या, चुलीत ठसकाही नाही उठला, म्हनलं झाली नजर, लागली कोना मेलीची. तिच्या मायनं देवाचा अंगारा लावला. मंग हरीओम, माहा पोरगा, तिले कारंज्याले घेऊन गेला डॉक्टरकडं. त्यानं पोटावर मशीन फिरवली अन् म्हने, "पोटात काही नाही." अरे काही नाही तं दुखते काय मंग? असं कसं काही नाही? डोळे पाहा तिचे, कसे खोल गेले... तुमाले सांगतो, पोट्टी बिनपान्याच्या वांग्यासारखी सुकून राह्यली होती अन् आमी दोघी, ते आत अन् मी मांगं, आपापल्या देवाले हात जोडून राह्यलो होतो. पन दोघी मिळून एका जागी बसून इचार केला काय? कसा करसान? बोलाचं कोनं पयले?

तेवढ्यात हे मॅडम. म्हने, "काकू, घरातल्या नात्यांचा मुलांवर काय परिणाम होतो, ते आम्ही बघतो. कदाचित तिचं पोट का दुखतं तेही कळेल." कदाचित म्हने. पन त्या एका कदाचितवर मी हाव म्हनलं. नाही तं मी नळीवाल्या बाईले घरात घेतलं असतं?

अभ्यास म्हनल्याबरोबर आमच्या घरचे मानसं पाहाले पाह्यजे होते! हरीओमनं टमाटरचे कॅरेट टेम्पोत टाकले, अन् बजार नव्हता त्या दिवशी, तरी गेला! आमचा बुढा, शालिग्राम, चप्पल उलटी घालून वावरात. राह्यल्या बाया. मॅडमनं पोट्टीच्या मनगटावर पट्टा बांधला, काळजाचे ठोके मोजाले, अन् मले सवाल सुरू. "मागच्या महिन्यात, परिस्थिती आपल्या हाताबाहेर गेली, असं तुम्हाला किती वेळा वाटलं? कधीच नाही, कधी कधी, की वारंवार?" म्या म्हनलं, "मॅडम, आमी भाजीपाला लावतो. पानी पडन का नाही, लाइन येईन का नाही, भाव भेटन का नाही... परिस्थिती आमच्या हातात कोन्या महिन्यात होती, ते तुमीच सांगा अन् तेच लिहा." तिनं लिहिलं, वारंवार. "घरात वाद होतात का?" म्या छाती ठोकून सांगतलं, "बिलकुल नाही! आमच्या घरात कसं शांत आहे!"

मंग म्हने, "आता शेवटचं. तुम्ही तिघी इथं एकत्र बसा, आणि ज्या गोष्टीवरून तुमचं पटत नाही ना, त्या गोष्टीवर बोला. मी मधे बोलणार नाही. फक्त बघीन."

घ्या. म्हनजे जे आमी उन्हाळ्यापासून जिवाच्या करारानं टाळून राह्यलो होतो, तेच करा म्हने चटईवर बसून!

पन पोट्टीच्या पोटासाठी बसलो. मी इकडं, योगिनी तिकडं, मधात संस्कृती. मॅडम कोपऱ्यात. मंग योगिनीनं, माह्याकडं नाही हां, देवळीकडं पाहून सुरू केलं, "संस्कृती, तुह्या आजीले सांग, कुरडया माह्या हातून खराब झाल्या, पन माह्या मायचं नाव काढाचा त्यायले हक नव्हता. अन् म्हनाव, आता पिकले केस, तोंड आवरा."

मी तिथंच बसलेली! हातभर दूर! एकेक शब्द कानात पडला, उकळत्या तेलासारखा. अन् मी म्हनलं, हे कोन बोलून राह्यली? मले तेल लावा म्हननारी सून कुठं गेली?

तं पोट्टी माह्याकडं वळली. गप्पकन थुंकी गिळली, अन् पाढा म्हनाव तसं म्हने, "आजी, आई म्हनते, कुरडया तिच्या हातून खराब झाल्या, चुकलं. पुढच्या वर्सी तुमी शिकवसान काय?"

मले काही समजेचना हो! आतून असा जाळ उठला, तोंडात आलं ते बोलून गेली, "तिले सांग, जिले शिकाचंच नाही तिले कोन शिकवन! अन् माह्या घरात राहाचं असन तं माह्या रीतीनं राहा, नाही तं रस्ता मोकळा आहे!"

पोट्टी तिकडं वळली. "आई, आजी म्हनते, तू दिवसभर काम करून थकते. शिकवीन म्हनते. घर तुहंच आहे म्हनते."

झालं. अन् मंग पोट्टीनं माह्या तोंडाकडं पाह्यलं, मायच्या तोंडाकडं पाह्यलं, अन् तिच्या ध्यानात आलं का आज मधात भित नाही.

तिचं तोंड असं पांढरं पडलं... "मी खोटं नाही बोलली," म्हने. कोनी काही म्हनलंच नव्हतं तिले! "आजी, मी खोटं नाही बोलली. आई, खरंच." अन् ओकली, तिथंच, चटईवर. मॅडम धावली, पट्टा सोडला. योगिनीनं पोट्टीले पोटाशी धरलं, म्या पाठीवरून हात फिरवला, अन् आमचे दोघीचे हात एकमेकाले लागले. तवा सुनेनं माह्याकडं पाह्यलं. नीट, डोळ्यात.

"आत्याबाई," म्हने, "तुमी नव्हतं म्हनलं काय, योगिनीले बसू दे, दळन मी आनतो म्हनून?"

म्या म्हनलं, "नाही वं. अन् तू नव्हतं म्हनलं काय, आजीच्या पायाले तेल लाव म्हनून?"

"नाही."

उन्हाळ्यापासूनचा अबोला असा सुटला, पाहा. कोन जितलं, कोन हारलं, तुमीच सांगा. ते तिकडं आत बसून माही वाट पाहे का आत्याबाई एक दिवस येतीन अन् जवळ घेतीन, मी इकडं तिची वाट पाहो का ते एक दिवस पाया पडन, अन् त्या दोघीयले रोज नव्यानं बनवून बनवून ते एवढंसं लेकरू... भितीच्या एका बाजूले माय बनवे, दुसऱ्या बाजूले आजी. इकडची शिवी पोटात ठेवे, तिकडची शिवी पोटात ठेवे. अन् आमी डॉक्टरले इचारो, पोटात काय आहे!

मॅडमनं लय समजावलं. "मोठी माणसं बोलत नाहीत ना काकू, तेव्हा मुलं पूल होतात. सगळं वजन त्यांच्यावरून जातं. आजपासून तिच्या हाती एकही निरोप नको. जे बोलायचं ते तुम्ही दोघी थेट बोला." थुंकीत काय निंघालं ते म्या इचारलंच नाही. इचाराचं राह्यलं काय होतं?

तं आता बोलतो थेट. तिले ताकीद अन् मले ताकीद. काय बोलतो म्हनता? "आत्याबाई, ही भाजी हाये का पाला?" "हाव, तुह्या मायच्या घरी मिळते तशी नाही, काय करू?" असं, समोरासमोर, तोंडावर! पोटात काही ठेवाचं नाही, मॅडमनं सांगतलं आहे ना! धुरपताबाई भितीवरून डोकावून पाहते. मधातच दोघीयले पोट्टी दिसते, मंग दोघी गप बसतो, मंग मी म्हनतो, "चहा टाक वं," ते म्हनते, "टाकतो." एवढंच गोड. याच्यापुढं काही जमून नाही राह्यलं. आठ दिवस एकमेकीले बरं बोलाचा परयत्न करून पाह्यला आमी, खरंच पाह्यला, पन तोंडातून निंघता निंघता काय होते त्या शब्दायले कोन जाने! जे लेकराले सहज जमे, ते आमाले दोघी बायायले मिळून जमत नाही.

पोट्टीचं पोट दुखाचं थांबलं बरं काय. जेवते. कानावर बारीक बारीक केस येऊन राह्यले, मऊ, बोरूच्या फुलासारखे. मॅडमनं फोन केला, म्हने, "काकू, खूप छान सुधारणा आहे!" मीही म्हनलं, हाव, सुधारना आहे.

परवा वट्यावर तिची वेनी घालून देत होती मी. आतून भांड्याचा आवाज येत होता, तिची माय काहीबाही बडबडत होती माह्या नावानं. पोट्टीनं ऐकलं. मान न वळवता म्हने, "आजी, मी निरोप सांगो ना, तवाची आई चांगली होती, न?"

काय सांगाव लेकराले? "हाव," म्हनलं, "लय चांगली होती."

खरं सांगतो तुमाले, लय आठवन येते हो मले माह्या त्या सुनेची. एकदा ये म्हनाव, भेटून जा... पन आता निरोप धाडू तं कोनाच्या हाती धाडू?