न शिंपलेला कोपरा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय हरिओम मठपती सर. व्यासपीठावरील पोलीस खात्याचे सन्माननीय अधिकारी. आज संध्याकाळी सहा वाजता वर्दी उतरवणाऱ्या आपल्या सत्कारमूर्ती, सहायक फौजदार रेणुकाताई सोनकांबळे. आणि लोह्याहून, नांदेडहून, लातूरहून आलेल्या बंधुभगिनींनो,

माझ्याआधी पाच वक्ते बोलले. दोघांनी ताईंना वटवृक्ष म्हटलं, एकाने दीपस्तंभ. समुद्रापासून इतक्या लांब दीपस्तंभाचं काय काम, हे मला उमगलं नाही. पण भावना पोचली. सगळे छान बोलले आणि सगळ्यांनी एकच विषय टाळला. उद्या सकाळी अकरा वाजता करीम मिस्त्रींच्या खटल्याचा निकाल आहे. ताईंच्या पुढ्यातला पेढा तसाच आहे. दुसऱ्या रांगेत करीम मिस्त्रींच्या पत्नी चांदबी बसल्या आहेत. त्यांनी पाण्याचा ग्लाससुद्धा परत केला. अशा सभेत वटवृक्षावर किती बोलणार?

मी वार्ताहर आहे. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्यामुळे गावाचं नाव घेत नाही, आरोपीचंही नाही. आरोपी अजून फक्त आरोपी आहे. बचाव पक्षाचे वकीलसाहेब समोर बसून माझे शब्द मोजत आहेत, त्यांनाही नमस्कार.

चौदा वर्षांपूर्वी, दिवाळीनंतर, करीम मिस्त्री पाण्याची मोटार दुरुस्त करायला लोह्याहून सायकलवर एका शेतात गेले आणि परत आले नाहीत. विहीर दोन भावांच्या सामाईक मालकीची. शेतमालकाने जबाब दिला, "मोटार चालू करून दिली, च्या पिला, गेला सडकेकडं." हरवल्याची तक्रार लिहून घेतली रेणुकाताईंनी. तेव्हा त्या साध्या शिपाई होत्या.

पुढची वर्षं कशी गेली? विष्णुपुरी धरणाच्या पाण्यात कुठलं बेवारस प्रेत आलं की ताई चांदबींना घेऊन शवागारात जायच्या. सात वेळा गेल्या. प्रत्येक वेळी चांदबी पदर तोंडाला लावून म्हणायच्या, "आपा, ये उन्हो नै. शुकर है." आणि परतीच्या एसटीत रडायच्या. मी एकदा ताईंना विचारलं, नवरा नव्हता तर रडायचं कशाला? ताई म्हणाल्या, "साहेब, संस्कृत लई शिकलात तुम्ही. बाईमाणसाचं थोडं शिकायचं ऱ्हायलं."

आता येळवस. लातूर-नांदेडच्या माणसाला सांगायला नको, पण व्यासपीठावर दोन साहेब पुण्याचे आहेत. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमची गावं ओस पडतात, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करायची, पूजा करायची, पालेभाज्या-शेंगांची भज्जी नि ताकातली आंबील खायची आणि आल्यागेल्याला बांधावरून हाक मारून जेवायला बसवायचं. मग घरच्या गड्याने आंबिलीचं मडकं घेऊन शेताच्या चारी कडांना शिंपत फिरायचं. जमिनीला घास दिल्याशिवाय येळवस होत नाही.

करीम मिस्त्री बेपत्ता झाले त्याच साली ताई बंदोबस्ताला त्या शिवारात होत्या. त्या शेतमालकानेच हाक मारली, "बाई, जेवल्याबिगर जायचं न्हाई!" ताई जेवल्या. मालक आंबील शिंपत फिरला, विहिरीजवळच्या कोपऱ्याशी आला, तिथून आत वळला आणि पुढच्या बांधाला जाऊन लागला. ताईंचे वडील सालगडी होते. परकर सावरत त्यांच्यामागे मडकं धरून ताई लहानपणी प्रत्येक बांध फिरलेल्या. त्यांना नवल वाटलं, इतकंच. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच. मग बदली झाली.

दहा वर्षांनी ताई परत आल्या. येळवशीला मुद्दाम त्याच शेतात गेल्या. आता मालकाचा मुलगा शिंपत होता. तो कोपऱ्याकडे निघाला तसा बाप कोपीतून ओरडला, "तिकडं न्हाई! वळ, वळ म्हणतो ना!"

ताईंनी हातातला घास खाली ठेवला.

आम्हाला पाठशाळेत गुरुजी शिकवायचे की अभाव हासुद्धा पदार्थ आहे. जमिनीवर घडा नाही, हेही डोळ्यांना दिसतं. मी ते पाठ करून पहिला नंबर मिळवला. ताईंनी ते बांधावर बसून ओळखलं. ज्या जमिनीने मालकाला पोसलं, तिला घास द्यायला त्याचा हात तेवढ्या एका जागी का उचलत नव्हता?

वरिष्ठ हसले. "मॅडम, आंबिलीवर गुन्हा दाखल करू का?" ताईंनी चार अर्ज केले. पाचव्याला नवे साहेब आले, त्यांनी खोदायची परवानगी दिली. अडीच हात खाली हाडं सापडली आणि एक मोठा पान्हा. पान्ह्याच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. चांदबींनी पट्टीची गाठ ओळखली. ती त्यांनीच बांधली होती. मिस्त्रींचा हात निसटायचा म्हणून. सरकार पक्षाचं म्हणणं असं की मालकाने भावाला चोरून विहिरीतून दुसरा पाइप टाकला होता. मोटार वर काढताना तो मिस्त्रींना दिसला आणि ते "भाऊला सांगतो" म्हणाले, तिथे घात झाला.

मग काळजी कसली? ऐका. हाडांचा नमुना तपासणीला अपुरा ठरला. पान्हा काढताना हजर असलेला पंच कोर्टात फिरला. आणि बचाव पक्षाने एक कात्रण हजर केलं. चौदा वर्षांपूर्वीचं, सहा ओळींचं. मथळा होता, "मोटार दुरुस्त, मेकॅनिक फरार!" खाली, सदर इसम एका महिलेसह हैदराबादेत दिसल्याची चर्चा. म्हणजे माणूस जिवंत असू शकतो. म्हणजे हाडं कुणाचीही असू शकतात.

ती बातमी मी लिहिली होती.

बसस्टँडवर चहा पिताना मला ती त्या शेतमालकानेच सांगितली. मी कुणाला विचारलं नाही, चांदबींच्या दारात गेलो नाही. मथळ्यातल्या अनुप्रासावर मात्र खूश होतो. लातूरच्या संपादकांनी शाबासकीही दिली. त्या सहा ओळींनी तपास थंडावला. मिस्त्रींची मुलगी हुमा हिची दोन स्थळं मोडली. पळून गेलेल्याची पोर म्हणून.

मला साक्षीला बोलावलं. मी म्हणालो, बातमी ऐकीव होती. वकीलसाहेबांनी विचारलं, "ऐकीव होती तर छापली कशाला?"

मघाशी दारात चांदबी भेटल्या. मी नजर चुकवून निघालो होतो. त्यांनी थांबवलं. "साहब, मेरेकू फाशी-बिशी कुछ नै होना. जजसाब इत्ताच लिखो, वो भागे नै थे." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "नै लिखे तो?"

ताई मागे होत्या. त्या म्हणाल्या, "चला आत, खुर्च्या भरून राहिल्यात." त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. उद्या त्या साध्या साडीत, लोकांच्या बाकावर बसणार आहेत. मला विचारत होत्या, "वर्दी न्हाई म्हणल्यावर शिपाई आत सोडंल ना मला?" ताई, सोडेल. न सोडलं तर मी बाहेर तुमच्याबरोबर उभा राहीन. एवढं मला जमेल.

आयोजकांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलं, सगळ्यांचा आभारी आहे. ताईंना दीर्घायुष्य लाभो आणि उद्या तरी पोटभर जेवण जावो. भाषणाच्या शेवटी अधिकउण्या शब्दांसाठी साऱ्या सभेची क्षमा मागतात. मीही अशी शेकडो वेळा मागितली. कुणाला उद्देशून नसल्यामुळे ती सोपी जाते. आज सभा मला समजून घेईल. मी दुसऱ्या रांगेची क्षमा मागतो.

चांदबी, न्यायालय काय लिहील ते माझ्या हातात नाही. परवाचा अंक माझ्या हातात आहे. निकाल कसाही लागो, त्याच पानावर, त्याच जागी, माझ्या नावानिशी सहा ओळी येतील. मथळा लिहून खिशात ठेवला आहे. त्यात अनुप्रास नाही.

"करीम मिस्त्री पळाले नव्हते. मी चुकलो होतो."