घरच्या वेळेचा गजर

कमांडर : आधी त्या घड्याळाचं तोंड दाब बघू! आत्ता कुठे माझा डोळा लागला होता.

इंजिनिअर : चुकलं ताई. लेकीची शाळेची वेळ झाली.

कमांडर : शाळा तिकडे खाली, पृथ्वीवर. आपण इथे अंतराळ स्टेशनवर अधांतरी. घड्याळ स्टेशनच्या वेळेवर लाव म्हणून किती कानीकपाळी ओरडायचं?

इंजिनिअर : स्टेशनच्या वेळेने उठून करू काय? तीच गळकी नळी, तोच पंखा. आठवड्याभरासाठी म्हणून आलो होतो आपण!

कमांडर : आणि आपलं यान बिघडलं म्हणून रिकामंच परत पाठवलं. मी काय मजेत बसलेय इथे?

इंजिनिअर : खिडकीशी गेलं की घर पायाखालून सरकत जातं. दार आहे, पण उघडून जायचं कुठे? जीव गुदमरतो हो.

कमांडर : हात बघू. घड्याळाच्या पट्ट्याला तिसरा वेढा कधीपासून?

इंजिनिअर : स्पेससूटच्या बाहीवरून बांधायचा पट्टा हा. उघड्या मनगटाला लांबच होणार.

कमांडर : मागच्या महिन्यात दोन वेढ्यांत बसत होता. पट्टा वाढला का रे? जेवत नाहीस तू.

इंजिनिअर : विषय बदलू नका. कालपासून तुम्ही माझी नजर चुकवताय. खालून काही निरोप आलाय?

कमांडर : नवीन माणसं येतायत. परतीच्या यानात जागा आहे. एक.

इंजिनिअर : एकच? ताई, मी मागत नाही, पण लेक फार लहान आहे, म्हणून—

कमांडर : नको मागूस. ती जागा मला दिलीय. माझी नजर अधू होत चाललीय, डॉक्टर ऐकायला तयार नाहीत. मी भांडले रे. म्हटलं, त्याला न्या. तर म्हणाले, ती नळी त्याच्याशिवाय कोण सांभाळणार?

इंजिनिअर : हातात कसब असल्याची शिक्षा म्हणायची.

(पाना घेऊन गळक्या नळीकडे वळतो.)

कमांडर : शिव्या तरी दे मला.

इंजिनिअर : तुम्हाला कशाला? जा तुम्ही. फक्त एकदा आमच्या घरी जा. सकाळी, ती उठायच्या आत.

कमांडर : काय सांगू तिला?

इंजिनिअर : काही सांगू नका. तिच्या उशाशी ह्याच वेळेचा गजर लावलाय, माझ्या घड्याळाबरोबरच वाजतो. तो झाला की ती म्हणते, ‘बाबा वाजला.’ तुम्ही नुसतं ‘हो’ म्हणा.