कंपायलरनं धरून ठेवलेला आकडा

आमच्या सुजाताचं सांगतो. पणदऱ्याची पोरगी, लोणी देवकरला माझ्याच कंपनीत. दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांच्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम आम्ही दोघं लिहायचो. आमचा प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलून देणारा नवा कंपायलर घेतला आणि दूध तापलं तरी टाकीचं थंड करणारं मशीन सुरूच होईना. डेअऱ्यांतलं दूध नासायला लागलं. साहेब कंट्रोलरचे सगळे बोर्ड भंगारात काढायला निघाले.

सुजातानं तीन दिवस कंपायलरनं बनवलेला मशीन कोड ओळ न् ओळ वाचला. मग म्हणाली, "मेमरीतलं तापमान सारखं बदलतंय, पन कंपायलर एकदा वाचलेलाच आकडा धरून बसलाय. ते बदलतंय हे त्याला सांगितलंच न्हाय कुणी."

तिनं प्रोग्रॅममधल्या तापमानाच्या ओळीत, हा आकडा बदलतो असं कंपायलरला सांगणारा एक शब्द घातला आणि टाक्या चालू झाल्या.

साहेबांनी विचारलं, "ती ओळ लिहिली कुणी होती?"

लिहिली मी होती.

सुजाता म्हणाली, "आमी दोघांनी, सर."